घरी सहा गिटारी: अ‍ॅक्शन वाढली, खरखर, बझ. आधी काय हातात घ्यावं?

खर्जतार
दोन स्टील तारांच्या अकूस्टिक (दोन्हींचा टॉप, म्हणजे पुढची फळी, अखंड लाकडाचा), एक क्लासिकल आणि तीन इलेक्ट्रिक, त्यातली एक फ्लॉइड रोज (तारा लॉक करणाऱ्या, स्प्रिंगवर तरंगणाऱ्या) ब्रिजची. सध्याच्या तक्रारी:
एका अकूस्टिकची अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) बाराव्या फ्रेटवर, सहाव्या तारेखाली ३.४ मिमी झाली आहे. ब्रिजच्या (बॉडीवर तारा धरणाऱ्या पट्टीच्या) मागे टॉप थोडा फुगल्यासारखा वाटतो.
स्ट्रॅटमध्ये (इलेक्ट्रिकपैकी एक) पाचवी आणि सहावी तार पहिल्या चार फ्रेटवर बझ करते (फ्रेटला लागून झणझणते), आणि व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते.
खोलीतला आर्द्रता मापक ७२ टक्के दाखवतो. दोन्ही गिटारींचा ट्रस रॉड (नेकच्या आतली सळी) आवळून बघू का? बाकीच्यांचीही नियमित देखभाल घरीच करायची आहे.

लाकूडबुद्धी
ट्रस रॉडला अजून हात लावू नका. स्ट्रॅटमध्ये तर तुम्ही नेमकं उलट करायला निघाला आहात.

आधी मापक खरा बोलतो का ते बघा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते ओलं होईल एवढंच पाणी घाला (विरघळता कामा नये), आणि झाकण व मापक हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर यापुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवायचे.

अखंड टॉपला ४५ ते ५५ टक्के मानवतात. त्याहून जास्त दमट हवेत लाकूड पाणी पितं, टॉप फुगतो, ब्रिज वर उचलला जातो आणि अ‍ॅक्शन वाढते. कोरड्या हवेत उलटं: टॉप बसतो, तारा फ्रेटला लागतात, फ्रेटची टोकं बोटांना टोचायला लागतात आणि ४० च्या बरंच खाली गेलं की तडा जायची भीती. म्हणून दोन्ही अकूस्टिक केसमध्ये, दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या (जास्तीची ओल शोषणाऱ्या, कमी पडली की सोडणाऱ्या) आर्द्रतेच्या पाकिटांसह ठेवा. नुसती सिलिका जेल नको, ती शोषतच राहते, थांबायचं कुठे हे तिला कळत नाही. दोन-तीन आठवडे थांबा, मग पुन्हा मोजा. टॉपला थोडा उंचवटा मुळातच दिलेला असतो, तो बघून घाबरू नका.

मोजायचा क्रम बदलू नका: गिटार सुरात, मग रिलीफ (नेकचा हलका बाक), मग अ‍ॅक्शन, शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का). रिलीफसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर सहावी तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवा. ०.२ ते ०.२५ मिमी असेल तर ट्रस रॉडचं काम संपलं. ट्रस रॉड नेकचा बाक ठरवतो. अ‍ॅक्शन कमी करायला तो पिळणं म्हणजे आटे घालवायची तयारी.

आर्द्रता जागेवर आल्यावरही ३.४ राहिले तर सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासायचं. बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी हवं असेल तर सॅडलमधून २ मिमी जायला हवेत, कारण बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो. अकूस्टिकला सहाव्या तारेखाली २.४ आणि पहिल्या तारेखाली १.८ च्या आसपास पुरे. काचेवर १२० चा पॉलिश पेपर चिकटवा, सॅडलचा तळ काटकोनात धरून घासा, शेवटचा हात २४० ने. तळ जरा जरी गोलसर झाला आणि खाली पिएझो पट्टी (कंपनं पकडणारा पिकअप) असेल तर एखादी तार अ‍ॅम्पमध्ये मुकी होते. एकदम पूर्ण घासू नका, दोन-तीनदा तारा चढवून मोजा.

घासल्यावर सॅडल ब्रिजच्या वर २ मिमीसुद्धा उरणार नसेल तर हात आवरा. लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजपर्यंत न्या. ती ब्रिजच्या माथ्यावर न टेकता पुढच्या कडेला आपटत असेल तर नेकचा कोन बिघडला आहे, आणि ते घरचं काम नव्हे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. आत जात असेल तर डिंक सुटतोय, तारा लगेच सैल करा. तो सुपरग्लूने चिकटवू नका, पुढच्या माणसाला ब्रिज धड काढता येत नाही.

क्लासिकलला ही मापं लावू नका. तिथे सहाव्या तारेखाली ४ आणि पहिल्या तारेखाली ३ मिमी साधारण ठीक असतं. आणि तिच्यावर स्टीलच्या तारा कधीच नाहीत, ब्रिज उखडतो.

सोल्डरची_धग
स्ट्रॅटबद्दल. बझ फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर बहुधा नेक फार सरळ झाली आहे किंवा मागे वाकली आहे. तेव्हा रॉड सैल करायचा, घड्याळाच्या उलट, पाव फेरा. मग सुरात लावून पुन्हा मोजायचं. बझ खुल्या तारेवरच असेल आणि पहिला फ्रेट दाबताच जात असेल तर नटची (नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची) खाच खोल गेली आहे. एकाच जागी असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे: तीन फ्रेटवर बसेल एवढी सरळ पट्टी ठेवा, डुगडुगली की सापडला.

ट्रस रॉडच्या चावीचं माप नीट बघा. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. त्यात ५ मिमीची अ‍ॅलन की जात नाही आणि ४.५ ची सैल बसून आतले कोपरे खाते.

खरखरीला पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या भागाच्या) फटीत वंगण असलेला काँटॅक्ट क्लीनर मारा, एकच फवारा, आणि नॉब दोन्ही टोकांपर्यंत वीसेक वेळा फिरवा. साधा डब्ल्यूडी-४० नको. केबल हलवल्यावर खरखर येत असेल तर दोष जॅकचा. त्याचा नट आवळताना आतून जॅक धरून ठेवा, नाहीतर तो आत गरगर फिरतो आणि आतल्या वायर पिळून सोल्डरचे डाग तुटतात.

गुणगुण तारांना हात लावला की कमी होते का? होत असेल तर अर्थिंग शाबूत आहे, सिंगल कॉइल पिकअपचा (तारांची कंपनं पकडणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या भागाचा) तो स्वभावच. तारांना लावून फरक नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर कमी झाली, तर ब्रिजकडे जाणारी अर्थची वायर सुटली आहे.

खर्जतार
धन्यवाद. मीठाची चाचणी लावली आहे. दोन प्रश्न उरले: वापरात नसलेल्या गिटारींच्या तारा पूर्ण सैल कराव्यात का? आणि फ्लॉइड रोजच्या तारा बदलताना ब्रिज आडवातिडवा होतो.

सहावा_फ्रेट
पूर्ण सैल नको. रॉड आवळलेला आणि तारांची ओढ नाही, म्हणजे नेक मागे वाकायला मोकळी. महिनोन् महिने ठेवायची असेल तर एक स्वर उतरवा, पुरे. अ‍ॅक्टिव पिकअपची ९ व्होल्टची बॅटरी काढा, ती पाझरते. रोजच्या वापरातही केबल जोडलेली ठेवू नका, बहुतेक सर्किट प्लग घातल्यावरच सुरू होतं. रबरी पॅडच्या स्टँडवर नायट्रो लॅकरची गिटार ठेवणार असाल तर मध्ये सुती कापड घाला, एरवी फिनिश चिकट होऊन त्यावर डाग पडतो.

फ्लॉइडला एक तार काढा, एक चढवा, मग दुसरी. सगळ्या एकदम काढायच्याच असतील तर आधी ब्रिजच्या मागे, पोकळीत, लाकडाची चपटी पट्टी अडकवा म्हणजे तो जागचा हलणार नाही. नट आणि तारा पकडणारे स्क्रू ३ मिमीच्या अ‍ॅलन कीने, इंटोनेशनचे २.५ ने. तारांचा जाडपणा बदललात तर मागच्या स्प्रिंगचे दोन स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून ब्रिज बॉडीला समांतर आणा. तारा ताणून सुरात बसल्यावरच नट लॉक करा.

फ्रेट चकचकीत करायला ०००० स्टील वूल घेणार असाल तर पिकअपवर आधी मास्किंग टेप मारा, लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही. लेमन ऑइल रोजवूड आणि एबनीला वर्षातून एक-दोनदा, चार थेंब, लगेच पुसून. स्ट्रॅटचा फ्रेटबोर्ड लॅकर मारलेल्या मेपलचा असेल तर त्याला फक्त जेमतेम ओलं कापड.