टॉमकॅट अपग्रेड करताना जुनं कॉन्फ फोल्डर तसंच न्यावं का?

कोराकागद

माझं मत आधीच सांगतो. टॉमकॅटची (जावा वेब ॲप्स चालवणाऱ्या सर्व्हरची) आवृत्ती बदलताना जुन्या सर्व्हरवरचं कॉन्फ (कॉन्फिगरेशन फाइल्सचं) फोल्डर उचलून नव्यावर टाकणं बंद व्हायला हवं. नव्या आवृत्तीसोबत आलेल्या फाइल्स घ्या आणि आपले बदल त्यांत एकेक करून हाताने आणा.

एका ग्राहकाचं ॲप टॉमकॅट ७ वरून ९ वर नेलं होतं, कॉन्फ जसंच्या तसं. पहिल्या प्रयत्नात सर्व्हर उठलाच नाही. जॅस्परलिसनर नावाचा क्लास सापडत नाही म्हणाला. तो लिसनर (सर्व्हर सुरू होताना चालणारा कोड) ८ मध्येच काढून टाकलाय, जुन्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये (टॉमकॅटच्या मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये) मात्र त्याची ओळ होती. ओळ काढली, सर्व्हर उठला, लॉगिन झालं, मंडळी घरी गेली.

सोमवारी गर्दी वाढली तसं ॲप गोठायला लागलं. सीपीयू निवांत, मेमरी भरपूर, डेटाबेस मोकळा. टीमने मॅक्सथ्रेड्स (एका वेळी विनंत्या हाताळणाऱ्या थ्रेड्सची मर्यादा) २०० वरून ५०० केलं, हीप (जावाला दिलेली मेमरी) वाढवला, काही फरक नाही. जेस्टॅकने थ्रेड डंप (कोणता थ्रेड कुठे थांबलाय याची यादी) काढला तेव्हा दिसलं की झाडून सगळे थ्रेड ‘बॉरोऑब्जेक्ट’वर अडकलेत. म्हणजे पूलमधून (उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यातून) डेटाबेस कनेक्शन मिळायची वाट बघतायत.

दुखण्याचं मूळ कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल या फाइलमध्ये निघालं. तिथे डेटासोर्सच्या (डेटाबेस जोडणीच्या) नोंदीत मॅक्सॲक्टिव्ह (जास्तीत जास्त कनेक्शन) १०० आणि मॅक्सवेट (थांबण्याची मर्यादा, मिलिसेकंदांत) १०००० लिहिलेलं. टॉमकॅट ८ पासून आतला पूल डीबीसीपी २ (कनेक्शन पूलच्या लायब्ररीची नवी आवृत्ती) झाला आणि ही नावं मॅक्सटोटल आणि मॅक्सवेटमिलिस झाली. जुनी नावं तो सोडून देतो. त्यामुळे कनेक्शन १०० ऐवजी डिफॉल्टची ८. थांबण्याची मर्यादाही गेली, म्हणून थ्रेड नुसते थांबून राहिले, एररसुद्धा नाही. (टॉमकॅटचा स्वतःचा जेडीबीसी पूल फॅक्टरी म्हणून दिला असेल तर मॅक्सॲक्टिव्ह अजूनही चालतं. त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.)

ही प्रॉपर्टी आता वापरली जात नाही, तुम्ही दिलेलं १०० सोडून दिलं आहे, असं स्वच्छ वॉर्निंग लॉगमध्ये छापलेलं होतं. कोणी बघितलं नाही. उठलाच नाही तो सर्व्हर परवडला, निदान रात्रीच कळतं.

रातपाळी

पूर्ण असहमत. तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातंय.

डेटासोर्सची ती नोंद ग्राहकाची स्वतःची होती. कोरी फाइल घेतली असतीत तरी ती नोंद तुम्ही त्यात चिकटवलीच असतीत, मॅक्सॲक्टिव्हसकट. मग कोऱ्या फाइलने वाचवलं काय?

दुसरं, डिफॉल्ट बदलतात ते बरेचदा फाइलमध्ये नाही, कोडमध्ये. आपल्या मराठी ॲप्सनी भोगलेलंच उदाहरण घ्या. टॉमकॅट ७ पर्यंत यूआरएलमधल्या पॅरामीटर्ससाठी यूआरआयएन्कोडिंगचं (अक्षरं कोणत्या संकेतात वाचायची त्या सेटिंगचं) डिफॉल्ट आयएसओ-८८५९-१ होतं, ८ पासून यूटीएफ-८ झालं. जुन्या काळी शोधपेटीत ‘कोल्हापूर’ टाकलं की पलीकडे भलतीच अक्षरं पोचायची, म्हणून कित्येकांनी जावा कोडमध्ये बाइट्स उलटसुलट करून अक्षरं सरळ करायची ओळ लिहून ठेवली होती. ८ वर गेल्यावर अक्षरं आधीच सरळ येतात, आणि तीच ओळ त्यांची प्रश्नचिन्हं करून टाकते. यात सर्व्हर.एक्सएमएल जुनी की नवी याचा संबंधच येत नाही.

आता कोऱ्या फाइलने होणारं नुकसान. मी बघितलेला प्रकार: पुढे एनजिनएक्स हा प्रॉक्सी सर्व्हर, एचटीटीपीएस तिथेच संपतं, मागे टॉमकॅट साध्या एचटीटीपीवर. जुन्या फाइलमध्ये रिमोटआयपीव्हॉल्व्हची (प्रॉक्सीपलीकडच्या वापरकर्त्याचा खरा पत्ता आणि एचटीटीपीएस टॉमकॅटला कळवणारी) एक ओळ होती. नवी फाइल घेताना तेवढी राहून गेली. लॉगिननंतरचे रिडायरेक्ट एचटीटीपीवर जायला लागले, ते लगेच लक्षात आलं. पण ऑडिट टेबलमध्ये प्रत्येक व्यवहारासमोर प्रॉक्सीचा पत्ता नोंदला जात होता, ते फार उशिरा उघड झालं. पैशांचे व्यवहार होते. त्या नोंदी आता कशा दुरुस्त करणार?

जुनी फाइल म्हणजे त्या सर्व्हरवर आधी काम केलेल्या माणसांचे निर्णय असतात. ते सोडून गेलेत, दस्तऐवज कोणी लिहिलेला नाही. ती फाइल हाच दस्तऐवज.

कोराकागद

रिमोटआयपीव्हॉल्व्हचा मुद्दा मान्य, तो गंभीर आहे. डेटासोर्सबद्दल मात्र नाही. मी चिकटवा म्हणालो नाही, हाताने आणा म्हणालो. एकेक ॲट्रिब्यूट आणताना नव्या आवृत्तीच्या दस्तऐवजात ते नाव आहे का हे बघायचं. मॅक्सॲक्टिव्ह तिथेच पकडलं गेलं असतं.

जुनी फाइल जपण्याचा धोका बघायचा तर एजेपी (पुढचा वेब सर्व्हर टॉमकॅटशी ज्यातून बोलतो तो प्रोटोकॉल) बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट हा त्यातला सुरक्षादोष उघड झाला. ८००९ वरचा एजेपी कनेक्टर तोवर मूळ फाइलमध्येच चालू असायचा आणि सगळ्या पत्त्यांवर ऐकायचा. त्या वाटेने वेबइन्फमधल्या (ॲपच्या खाजगी फोल्डरमधल्या) फाइल्स वाचता येत होत्या. ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० मध्ये दुरुस्ती आली. मूळ फाइलमध्ये तो कनेक्टर बंद केला, त्याला सीक्रेट (पासवर्डसारखा गुप्त शब्द) सक्तीचं केलं.

जुनी फाइल नेली की तोच एजेपी पुन्हा हजर. सीक्रेट नाही म्हणून लॉगमध्ये एरर येते. मग कोणीतरी इंटरनेटवर शोधून सीक्रेटरिक्वायर्ड फॉल्स आणि ॲड्रेस ०.०.०.० लिहून टाकतो. एरर गेली, भोक परत उघडलं. आणि तुमच्या रचनेत, पुढे एनजिनएक्स असताना, बहुतेक वेळा एजेपी कोणी वापरतही नसतं!

दिवाबत्ती

दोघांनी मांडलेले त्रास खरे आहेत, पण मधली पायरी दोघेही गाळताय. जुनी सर्व्हर.एक्सएमएल नव्या मूळ फाइलशी ताडू नका. ती तिच्याच आवृत्तीच्या मूळ फाइलशी ताडा. अपाचेच्या आर्काइव्हमध्ये जुनी झिप मिळते. दोन्हींचा डिफ (ओळीओळीतला फरक) काढला की आपल्या माणसांनी केलेले बदल तेवढे उरतात. रिमोटआयपीव्हॉल्व्ह त्यात दिसतो, जॅस्परलिसनर दिसत नाही, कारण तो मूळचाच होता.

शिवाय कॅटालिनाहोम (टॉमकॅटचा मूळ प्रोग्राम) आणि कॅटालिनाबेस (आपलं कॉन्फिगरेशन) वेगळे ठेवा, बेस गिटमध्ये टाका. टॉमकॅटच्या मायग्रेशन गाइडमध्येही दोन आवृत्त्यांच्या कॉन्फिगरेशन फाइल्समधला फरक बघायची सोय दिलेली आहे.

नवाकोरा

२०२६ मध्ये हा वाद कशाला? स्प्रिंग बूट हे जावा फ्रेमवर्क घ्या, टॉमकॅट ॲपच्या जार फाइलमध्येच येतो. सर्व्हर.एक्सएमएलच नाही.

दिवाबत्ती

@नवाकोरा, नवीन प्रकल्पाला जरूर. पण वॉर फाइलवर (टॉमकॅटवर टाकायच्या ॲपच्या पॅकेजवर) चालणारी, जावॅक्स सर्व्हलेटवर लिहिलेली ॲप्स अजून ढीगभर आहेत. ती सरळ टॉमकॅट १० वर चालतही नाहीत, तिथे जावॅक्स हे नाव बदलून सगळं जकार्ता झालंय. अशांना ९ पर्यंत तरी नीट आणावंच लागतं. आणि डॉकर वापरणारेही जुनं कॉन्फ फोल्डर व्हॉल्यूम म्हणून बाहेरून जोडतात. प्रश्न तोच राहतो.

रातपाळी

डिफची पद्धत चांगली आहे, मी वापरेन. तरीही शनिवारी रात्री मोजक्या तासांत सर्व्हर उभा करायचा असतो तेव्हा माझा भरवसा आधी चालत असलेल्या फाइलवर राहील. उठत नसेल तर लॉग सांगतो कुठे अडलं.

फक्त तो लॉग नीट वाचावा. कॅटालिना.आउट हा मुख्य लॉग बघून लोक थांबतात. ‘एक किंवा अधिक लिसनर चालू झाले नाहीत’ एवढंच तिथे येतं, खरं कारण त्या तारखेच्या लोकलहोस्ट लॉगमध्ये असतं. तसंच, कनेक्टरवर ओळखीचं नसलेलं ॲट्रिब्यूट लिहिलं तर टॉमकॅट बंद पडत नाही, लॉगमध्ये वॉर्निंग देऊन पुढे जातो. माझा नियम असा की अपग्रेडनंतर पहिल्या स्टार्टअपमध्ये एकही न समजलेली वॉर्निंग शिल्लक ठेवायची नाही. कोराकागद यांच्या टीमने हे केलं असतं तर सोमवार उजाडायच्या आत ते ८ कनेक्शनचं सापडलं असतं, फाइल जुनी असूनही.

कोराकागद

ती वॉर्निंग शनिवारी रात्री वाचणार कोण, हाच माझा प्रश्न आहे. तुम्ही वाचता. बहुतेक ठिकाणी लॉगिन पान दिसलं की काम झालं असं धरतात. टॉमकॅटच्या कॉन्फिगटेस्ट या तपासणीवर तर अजिबात विसंबू नये. तो सर्व्हर.एक्सएमएल लोड करून बघतो, ॲप सुरू करत नाही. हाताने बदल आणण्याचं काम गुरुवारी, दिवसाउजेडी, चाचणी सर्व्हरवर होतं.

रातपाळी

चाचणी सर्व्हर असेल तर. माझ्या तीन ग्राहकांपैकी एकाकडेच आहे.