बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याचं) तांब्याचं नाणं: टांकसाळ निकोमिडिया की कॉन्स्टँटिनोपल?

तापीकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. नाणं ३० मिमी, सराफाच्या काट्यावर १३.१ ग्रॅम. एका बाजूला शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं, दुसऱ्या बाजूला भला मोठा एम. त्याच्या डावीकडे उभं 'अ‍ॅनो' (लॅटिनमध्ये 'वर्षी'), उजवीकडे इंग्रजी जीसारखी खूण, तिच्याखाली दोन काड्या. एमच्या पायांमध्ये त्रिकोणी अक्षर. तळरेषेखालची टांकसाळीच्या नावाची अक्षरं झिजलीत, एन तेवढा दिसतो. निकोमिडिया म्हणायचं का? चिंचेच्या पाण्यात टाकलं तर उजळेल?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
चिंच नको, लिंबूही नको! आंबटाने वरचा थर जातो आणि उरलीसुरली अक्षरं त्याच थरात असतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, रोज पाणी बदला.

बसलेली जोडी म्हणजे सम्राट दुसरा जस्टिन आणि सम्राज्ञी सोफिया. एम हा ग्रीक आकडा ४०, म्हणजे ४० नुम्मी (सगळ्यात लहान नाणी) किमतीचं मोठं तांब्याचं नाणं, अर्थात फॉलिस. जीसारखी खूण ग्रीक ६ ची, दोन काड्या मिळून ८ वं राज्यवर्ष, ५७२-७३.

आता पायांमधलं अक्षर. तो टांकसाळीतल्या विभागाचा क्रमांक. कॉन्स्टँटिनोपलला अल्फा ते एप्सिलॉन या ग्रीक अक्षरांचे पाच विभाग, निकोमिडिया आणि सिझिकसला दोनच. त्रिकोण म्हणजे डेल्टा, चौथा विभाग. निकोमिडिया बाद.

मोडीवाला (धुळे)
भाऊ, थांबा जरा. झिजलेला अल्फाही त्रिकोणीच दिसतो. आडवी काडी तळाला असेल तर डेल्टा, मध्यावर असेल तर अल्फा. अंधारात मोबाइलची टॉर्च नाण्याच्या पातळीला आडवी धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. वरून उजेड टाकला की सगळं सपाट दिसतं.

तापीकाठ
काडी मध्यावर आहे, खाली उघडं.

मोडीवाला
मग अल्फा. तो सगळीकडे चालतो, म्हणजे निकाल तळरेषेखालीच. एन कुठे आहे ते बघा, एमच्या डाव्या पायाखाली की उजव्या? 'निको'त तो पहिला, 'कॉन'मध्ये शेवटचा. ठसा सरकून बसला असेल तर नाण्याच्या कडेवरून मोजू नका, एमवरूनच मोजा. सिझिकसची तीन अक्षरं केपासून सुरू होतात, त्यात एन नाहीच. अँटिऑकचं नाव ५२८ मध्ये थिउपोलिस झालं, तिथली पाच अक्षरं जवळपास सगळी जागा व्यापतात.

तापीकाठ
डाव्या पायाखाली. त्याला लागून एक उभी काडी, शेवटी गोल.

गिरणाकाठ
मग निकोमिडियाच, पहिला विभाग. माझा डेल्टा मागे घेतो. फिक्कट हिरवी भुकटी सुटतेय का तेवढं पाहा. ते क्लोराइड, दमट हवेत धातू खात जातं. पावसाळ्यात सिलिका जेल घालून घट्ट डबीत ठेवा. आणि नाणं जमिनीत सापडलेलं असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.