मंगळावर माणूस पाठवायचाच कशाला? रोव्हर कमी पडतायत का?

मुलुंडचा_मन्या
मंडळी, आमच्या ट्रेनच्या ग्रुपमध्ये सध्या हाच विषय पेटलाय आणि मला धड बाजू मांडता येत नाहीये म्हणून इथे विचारतोय. विक्रोळी आलं की आमच्यातले एक काका हमखास सांगतात की इथे गोदरेजमध्ये विकास इंजिन बनतं, इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात तेच असतं, मग तिथून गाडी मंगळयानावर जाते आणि काका म्हणतात बघा साडेचारशे कोटीत काम झालं, सहा महिन्यांसाठी पाठवलेलं यान आठ वर्षं टिकलं, तर माणूस पाठवायचा हट्ट कशाला. दुसरा एक जण म्हणतो ते चाकांवर फिरणारे रोव्हर म्हणजे महागडी खेळणी, माणूस उतरल्याशिवाय तिथलं काही कळणार नाही. मला एवढंच सांगा, निव्वळ शास्त्राच्या कामासाठी माणूस लागतो का की झेंडा गाडायची हौस आहे? वसाहत बिसाहत नको, तो विषय निघाला की आमच्याकडे कुर्ल्यापर्यंत भांडण चालतं.

टेलिस्कोप_तात्या
हौसच आहे, दुसरं काय. मी काकांच्या बाजूने. ऑपॉर्च्युनिटी रोव्हर ९० दिवसांच्या बोलीवर २००४ ला उतरला आणि २०१८ च्या वादळापर्यंत चालला. इनजेन्युइटी हेलिकॉप्टर पाच उड्डाणांसाठी नेलं होतं, त्याने ७२ मारली. क्युरिऑसिटी रोव्हर २०१२ ला उतरला, तो अजून डोंगर चढतोय. यातल्या कोणाला ना जेवण लागलं, ना घरी परत आणावं लागलं. लोक हेच विसरतात, की माणूस उतरवला तर परत उचलायचं रॉकेटपण तिथे न्यावं लागतं. आजपर्यंत मंगळावर अलगद उतरवलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे पर्सिव्हरन्स रोव्हर, साधारण एक टन. तिथली हवा आपल्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे जाळायला पुरते पण थांबवायला पुरत नाही, म्हणून उष्णताकवच, पॅराशूट आणि शेवटी रॉकेटच्या क्रेनने दोरीवर लटकवून खाली सोडणं एवढी सर्कस एका टनासाठी करावी लागली. माणसं न्यायची तर वीस टनांच्या वरचा मामला आहे. आणि ऑक्सिजन? मॉक्सी नावाच्या यंत्राने २०२१ ते २०२३ मध्ये मिळून १२२ ग्रॅम बनवला. माणसाला एका दिवसाला आठशे ग्रॅमच्या वर लागतो!!

बोअरवाला_चेंबूर
तात्या मॉक्सीचं उदाहरण बरोबर नाही, ते फक्त जमतंय का बघायला नेलेलं लहान यंत्र होतं आणि एकूण सोळाच वेळा चालवलं, ताशी १२ ग्रॅमपर्यंत गेलं म्हणजे ठरवलं होतं त्याच्या दुप्पट.

मी अंतराळातला नाही, माझं काम बोअर घ्यायचं, बिल्डिंगच्या आधी माती तपासायला. त्यामुळे मला इनसाइट यानाचा किस्सा पाठ आहे. २०१८ ला उतरलं. त्यात जर्मन लोकांनी बनवलेला एक मोल होता, ४० सेंटिमीटर लांबीचा खिळाच समजा, आतला हातोडा स्वतःलाच ठोकत ठोकत पाच मीटरपर्यंत खाली जायचा आणि आतली उष्णता मोजायची. आता असला खिळा खाली जायचा तर बाजूच्या मातीने त्याला धरून ठेवायला पाहिजे, नाहीतर प्रत्येक ठोक्याला तो मागे उडी मारणार. आधीची यानं जिथे उतरली तिथली माती सैल वाळूसारखी होती म्हणून तसंच डिझाइन केलं, आणि इथे निघाला वरचा कडक थर, मोलच्या भोवती खड्डा पडला, पकड गेली. २०१९ च्या फेब्रुवारीत ठोकायला सुरुवात केली आणि अडकला. मग काय, यानाच्या हाताला जो छोटा फावडा होता त्याने बाजूने दाबून बघितलं, मध्ये तो अर्धा बाहेरच आला, मग वरून दाबलं. पुढचा ठोका मारायचा की नाही हे ठरवायला फोटो मागवा, जर्मनीत नकली माती भरून करून बघा, मग कमांड पाठवा. जवळपास दोन वर्षं! शेवटी जानेवारी २०२१ ला पाचशे ठोके मारून सोडून दिलं, तेव्हा त्याचं डोकं मातीच्या जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर खाली होतं.

आमच्या साइटवर रिफ्युजल आलं, म्हणजे बोअर पुढे जाईना, की हेल्पर वाकून बघतो, हाताने माती चोळतो, सांगतो साहेब भराव आहे किंवा मुरूम लागला, आणि पॉइंट चार फूट सरकवून चहा यायच्या आत परत चालू. तिथे सरकवणं शक्यच नव्हतं कारण त्या हाताला मोल पकडून उचलताच येत नव्हता. माणूस तिथे असता तर पाच मीटर गेला असता असं मी म्हणत नाही, पण कुठे गेला नाही आणि का गेला नाही हे संध्याकाळपर्यंत कळलं असतं.

शुभदा_गोरेगाव
बोअरवाले दादा, मस्त लिहिलंत, पण तुमचा हेल्पर जाताना काय खाऊन जाणार ते पण बघा 🙂 क्युरिऑसिटी जाताना वाटेत रेडिएशन मोजत गेला होता, रोजचे साधारण १.८ मिलीसिव्हर्ट. वर्षभराचा जाऊन-येऊन प्रवास धरला तर ६६० च्या आसपास, आणि नासाची आत्ताची मर्यादा अख्ख्या करिअरला ६०० आहे. म्हणजे मंगळावर पाय ठेवायचा हिशोब धरायच्या आधीच कोटा संपला. शिवाय परतीची सोयीची वेळ यायला वर्ष-सव्वा वर्ष थांबायचं, एकूण अडीच-तीन वर्षं.

आणि जो मुद्दा कोणीच काढत नाही तो म्हणजे जंतू. शोधायचं काय, तर जुन्या जीवसृष्टीच्या खुणा. रोव्हर निर्जंतुक खोलीत पुसूनपासून पाठवता येतो, माणसाला कसं पुसणार? तो स्वतःच जंतूंचं गाठोडं. त्याच्या सूटमधून गळालेलं काहीतरी उद्या सापडलं आणि पेपरात 'मंगळावर जीव' छापून आलं तर काय करणार.

एक मधला मार्ग पण सुचवलाय काही शास्त्रज्ञांनी, माणसं मंगळाभोवती फिरत ठेवायची किंवा त्याच्या फोबॉस या चंद्रावर, आणि रोव्हर तिथून हातात घ्यायचे. पृथ्वीवरून संदेश जायलाच ३ ते २२ मिनिटं लागतात, तेवढा वेळ वाचतो. पण रेडिएशनचं गणित तेच राहतं, आणि एवढं जवळ जाऊन कोणी वरूनच बघेल का देव जाणे, मला तरी जमलं नसतं.

मुलुंडचा_मन्या
बापरे, भारीच. मी पण थोडं वाचलं आता. १९७२ ला अपोलो १७ वाल्यांनी तीन दिवसांत चंद्रावर गाडी ३५ किलोमीटर फिरवली, म्हणजे सीएसएमटी ते ठाणे. ऑपॉर्च्युनिटीला ४५ किलोमीटरला चौदा वर्षं लागली, म्हणजे दिवा स्टेशनच्या थोडं पुढे. हे ग्रुपवर टाकलं तर काका गप्प बसतील 😄 आणि त्यात श्मिट नावाचा भूशास्त्रज्ञ होता त्याला चालता चालता पायाखाली नारिंगी माती दिसली, असलं काही यंत्राला 'दिसतं' का?

टेलिस्कोप_तात्या
दिसतं की. जुलै २०२४ ला पर्सिव्हरन्सला चेयावा फॉल्स म्हणून दगड दिसला, बिबट्यासारखे ठिपके. पृथ्वीवर असे ठिपके बऱ्याचदा जंतूंच्या करामतीने पडतात. त्याचं सॅम्पल काढून ट्यूब सील केली, सप्टेंबर २०२५ ला त्यावर शोधनिबंध आला. आता पुढचं उत्तर इथल्या प्रयोगशाळेतच मिळेल, तेवढी यंत्रं रोव्हरवर मावत नाहीत.

पण हे कबूल, की माझी बाजू नेमकी इथेच लंगडी पडते. ट्यूब रोव्हरच्या पोटात पडून आहे, त्याआधीच्या दहा ट्यूब जमिनीवर ठेवल्यात, आणि आणायचा खर्च ११ अब्ज डॉलरवर गेला म्हणून नासाचं घोडं अडलं. चंद्रावरून अपोलोच्या माणसांनी ३८२ किलो दगड आणले. रशियाच्या लुना १६ ने १९७० ला यंत्राने आणले ते १०१ ग्रॅम.

शुभदा_गोरेगाव
चीनचं तियानवेन-३ आहे ना, २०२८ च्या सुमारास जायचंय. माणूस नाही, दोन मीटर ड्रिल करून अर्धा किलो आणायचं ठरलंय.

बोअरवाला_चेंबूर
दोन मीटर? रिफ्युजल कितीला लागलं ते कळवा मला.