मदत हवी आहे : ईट-२६ चाचणी आणि उपवास

नमस्कार. प्रबंधासाठी कॉलेजमधल्या मुलींची खाण्याबद्दलची वृत्ती मोजतेय. गार्नर आणि सहकाऱ्यांची १९८२ची ईट-२६ (ईटिंग अ‍ॅटिट्यूड्स टेस्ट) ही चाचणी घेतलीय. २६ विधानं, २० किंवा जास्त गुण आले तर खाण्याच्या विकाराची शंका म्हणून तज्ज्ञाकडे पाठवायचं, ते निदान नव्हे.

अडलंय उपवासापाशी. ‘भूक लागली तरी खाणं टाळते’ यावर एकीने ‘नेहमी’ची खूण केली, म्हणजे थेट ३ गुण. विचारलं तर म्हणाली, “ताई, सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं करते ना!” दुसरीही उपवासच सांगते, पण साबुदाण्याच्या खिचडीचा डबा तसाच परत नेते. तिची मला खरंच काळजी वाटते.

या दोघींतला फरक कळेल असा कोणता जोडप्रश्न विचारू? प्रमाणित मराठी भाषांतर कुणी वापरलंय का? पुढच्या आठवड्यात दुसरी तुकडी आहे, कृपया लवकर सांगा.