वजन १०८ किलो, क्लिपलेस पेडल कोणतं घेऊ?

मंडळी, वजन १०८ किलो, सायकल एमटीबी, म्हणजे डोंगरी, आहे. रविवारी कोथरूडहून सिंहगड, अधूनमधून बोपदेव घाट. साध्या पेडलचं बेअरिंग दुसऱ्यांदा गेलं. चढावर कटकट वाजतं, हाताने हलवलं तर चक्क डुलतं. आता एसपीडी, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवायची शिमानोची क्लिपलेस पेडलं, घेईन म्हणतोय. टायटॅनियमवाली हलकी पेडलं बघितली, पण भीती वाटते. आणि सिग्नलला पाय निघाला नाही तर मला उचलायला चार माणसं लागतील!

— दादा, टायटॅनियम विसरा. काही कंपन्या त्या ॲक्सलला (पेडलच्या दांड्याला) वजनाची मर्यादाच घालतात. क्रोमोली, म्हणजे मजबूत मिश्र पोलादाचा, ॲक्सल घ्या. मी ९८ किलोचा, शिमानो एम५२० वापरतो. शंभर ग्रॅम वाचवून आपल्याला काय करायचंय?

— एम५३० पण बघा, भोवती प्लॅटफॉर्म असतो, तळव्याला आधार मिळतो. पण बूट कडक सोलचाच हवा. आणि क्लीट, म्हणजे बुटाखालची पेडलमध्ये अडकणारी पट्टी, एसएच५६ लावा. एसएच५१ मध्ये टाच बाजूला वळवली तरच पाय सुटतो, ५६ मध्ये झटक्याने वर ओढला तरी निघतो. चढावर जोरात खेचताना कधी नको तेव्हाही सुटतो, ते खरं. क्लीट धरणारी पेडलची स्प्रिंग ३ एमएमच्या ॲलन कीने पूर्ण सैल ठेवा. मी नाही ठेवली. नळ स्टॉपला, पीएमपी बसच्या खिडक्यांसमोर, सावकाश झाड पडावं तशी पडले.

— एम५३० मागवलं, ताई. जुनं डावं पेडल मात्र निघेचना, अर्धा तास पान्याला लोंबकळलो. शेवटी शेजारचे काका म्हणाले, "अरे, डाव्याचे आटे उलटे असतात."