दंडाची पावती द्यायला थांबवलं, मग डिकी का उघडायची?

निशाचर
अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीचं (सरकारने विनाकारण झडती घेऊ नये, अडवू नये) कौतुक करणारे २०१५ च्या रॉड्रिगेझ खटल्याचा दाखला हटकून देतात. नेब्रास्कातल्या हायवेवर रॉड्रिगेझची गाडी क्षणभर कडेच्या पट्टीवर गेली म्हणून पोलिसांनी थांबवली. कागद तपासले, लेखी ताकीद दिली, काम संपलं. तरी अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्याकडून गाडी हुंगून घ्यायला आणखी सात-आठ मिनिटं अडवून ठेवलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, थांबवण्याचं काम संपलं की वेगळा संशय असल्याशिवाय अडवता येणार नाही. (रॉड्रिगेझला फायदा झाला नाहीच, पोलीस तेव्हाच्या निकालांना धरून वागले, म्हणून खालच्या कोर्टाने झडतीत सापडलेला पुरावा ग्राह्य धरला.)

पण १९९६ चा व्रेन निकाल उभा आहे तोवर या मर्यादेला अर्थ काय? वाहतुकीचा किरकोळ नियम मोडलेला दिसला की पुरे, पोलिसाच्या मनात खरं काय होतं ते चौथ्या दुरुस्तीखाली विचारायचंच नाही. दहा मैल एकही चूक न करता चालवणारा मला दाखवा.

पायवाट
असहमत. मनातला हेतू शोधायचा म्हटलं तर प्रत्येक खटल्यात पोलिसाच्या डोक्याची झडती घ्यावी लागेल. आणि दार सताड उघडं नाही. मनाला येईल ती गाडी नुसत्या लायसन्ससाठी थांबवायला १९७९ पासून बंदी आहे. वंश बघून निवडलं असेल तर कायद्यापुढे समान वागणूक देणारी चौदावी दुरुस्ती आहे, व्रेनमध्येच ते म्हटलंय.

निशाचर
आहे हो. पण सिद्ध करायचं कुणी? रात्री एकटा ड्रायव्हर आणि समोर पोलीस, तिसरा कोण होता तिथे?

उलटतपासणी
तुम्ही दोघं थांबवण्यावरच अडलात. बऱ्याच झडत्या संमतीने होतात. १९७३ च्या श्नेक्लॉथ निकालानुसार 'नाही म्हणू शकता' हे सांगणं पोलिसावर बंधनकारक नाही. मागे दिवे लकाकतायत, कमरेला पिस्तूल असलेला माणूस विचारतो, "बघू का जरा?" याला विनंती म्हणायचं?

पायवाट
सज्ञान माणसाला 'नको' म्हणता येतं. आणि पोलिसाची बाजूही बघा. अनोळखी गाडीच्या काचेपाशी जाणं जोखमीचं असतं, म्हणून तर ड्रायव्हरला खाली उतरवायची मुभा कोर्टाने १९७७ मध्ये दिली.

निशाचर
उतरवा की! उतरवणं वेगळं, डिकी वेगळी. जोखीम एवढी असेल तर एक ब्रेक लाइट गेला म्हणून थांबवता कशाला? फिलाडेल्फियात २०२२ पासून निव्वळ अशा कारणासाठी गाडी थांबवत नाहीत, दंडाचा कागद घरी पाठवता येतो.

पायवाट
तो शहराचा कायदा झाला. नगरसभेने ठरवलं, माझी हरकत नाही. कोर्टाने घटनेत घुसवू नये एवढंच.

उलटतपासणी
म्हणजे शहराची हद्द ओलांडली की ड्रायव्हरचं नशीब?