पावसाळी घाट, उतार आणि ब्रेक : जाणकारांनी लिहावं असा धागा

पहिला जोरदार पाऊस झाला की ताम्हिणी, माळशेज, वरंध, आंबोलीकडे गाड्यांची रीघ लागते. वर्षभर शहरात चाललेली गाडी अचानक घाट उतरू लागते आणि वळणावळणावर जळक्या ब्रेकचा वास येतो. घाटात रोज गाडी चालवणाऱ्यांनी आणि गाड्यांखाली हात काळे करणाऱ्यांनी इथे लिहावं. सहलीचं वर्णन नको. काय करायचं, काय बिघडतं आणि का, एवढंच.

सुरुवात करतो. उतारावर वेग गिअरने धरायचा आणि ब्रेक राखून ठेवायचा. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुना नियम आजही चोख आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी उतरताना बराच रस्ता दुसऱ्या गिअरचा आहे. गिअर उतार लागण्याआधीच टाकावा. वेग हाताबाहेर गेल्यावर खालचा गिअर टाकला तर चाकांना झटका बसतो आणि ओल्या रस्त्यावर गाडी सरकते. ब्रेक वळणाच्या आधी, चाकं सरळ असताना ठामपणे दाबावा, वेग उतरला की पाय पूर्ण उचलावा. पेडलवर पाय नुसता टेकवून ठेवणं सगळ्यात वाईट, कारण त्यात डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीला, गार व्हायला उसंतच मिळत नाही.

पाना-पक्कड
न्यूट्रलबद्दल आधी बोलू. उतारावर न्यूट्रल टाकला की पेट्रोल वाचतं, हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा बंद होतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला इंधन लागतंच. म्हणजे बचत उलट गिअरमध्ये आहे. आणि न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

ब्रेक ऑइलकडे कोणी बघत नाही. ते हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर मात्र ही मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येते. घाटात कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारा भाग) तापला की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल स्पंजासारखं मऊ होऊन तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं. डबी वरपर्यंत भरलेली आहे म्हणजे ऑइल चांगलं आहे, असं नव्हे.

वास आला तर सुरक्षित जागा बघून २०-३० मिनिटं थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. मागचे ब्रेक तापलेले असतील तर हँडब्रेक करकचून ओढण्यापेक्षा गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

करंट
ऑटोमॅटिकवाल्यांनी डी (नेहमीचा ड्राइव्ह) वर ठेवून घाट उतरू नये. मॅन्युअल मोड असेल तर दुसरा गिअर, नाहीतर एल (लो, म्हणजे खालचा गिअर). आणि इलेक्ट्रिक गाडीची एक मेख आहे : माथ्यावरच्या हॉटेलात १०० टक्के चार्ज करून लगेच उतरायला लागलात, तर उतारावर तयार होणारी वीज साठवायला बॅटरीत जागाच नसते. रीजन, म्हणजे मोटरने वीज बनवताना गाडीला लागणारा ब्रेक, जवळजवळ मिळत नाही, गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटते. उतरायचं असेल तर ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग काढा.

रबर
टायरची नक्षी १.६ मिमी उरेपर्यंत कायद्याने चालते. पावसात माझ्या मते ३ मिमीलाच बदलावा, त्याखाली खोबणीतून पाणी पुरेसं बाहेर जात नाही. बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा : २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पावसात 'ग्रिप वाढावी' म्हणून हवा कमी करणारे भेटतात. ते चूक आहे, खोबणी दबते आणि पाणी अडकतं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेला आकडा, टायर गार असताना, तेवढाच. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर मागे बसवा. पुढचं चाक सरकलं तर स्टिअरिंग हलकं लागतं, पाय काढला की सावरता येतं. वळणावर मागचं सरकलं तर गाडी गर्रकन फिरते.

धुकं
माळशेजच्या ढगात दिवसाढवळ्या पुढच्या डीआरएल (दिवसा आपोआप लागणारे दिवे) पेटलेल्या आणि मागे काळोख, अशा गाड्या सर्रास दिसतात. डीआरएलबरोबर बहुतेक गाड्यांचे मागचे दिवे लागत नाहीत. दिव्यांच्या ऑटो बटणावर विसंबू नका, पांढऱ्या धुक्यात सेन्सरला उजेडच दिसतो. हेडलाइट हाताने लावा, लोअरवर. अप्परचा प्रकाश धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. आणि कळकळीने सांगतो, चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावू नका. वळताय की थांबलाय, मागच्याला काहीच कळत नाही.

काच आतून धुरकट झाली तर एसी चालू, हवा काचेवर, आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण. फडक्याने पुसलं की तेलकट ओरखडे उरतात, समोरून दिवा आला की तेच चमकतात.

साइडपट्टी
रीतीबद्दल लिहितो. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट. हे सौजन्य आहेच, नियमही आहे. भरलेला ट्रक किंवा एसटी चढावर एकदा थांबली की परत उठवताना क्लच जळतो, मागेही घरंगळते. म्हणून चढावर तिच्या मागे निदान एक गाडीचं अंतर सोडा.

आवळ वळणावर लांब गाडीची मागची चाकं आतल्या बाजूने कापत येतात, तिला सगळा रस्ता लागतो. ती दिसली की वळणाच्या १५-२० मीटर अलीकडे थांबा. नाकापर्यंत जाऊन थांबलात तर दोघांनाही हलता येत नाही. मग मागची रांग पुढे घुसते आणि तासभर घाट बंद.

डिपरचा, म्हणजे हेडलाइटच्या उघडझापीचा, अर्थ आपल्याकडे 'मी येतोय' असाच धरा. ट्रकचा उजवा इंडिकेटर कोणी 'पुढे जा' म्हणून देतो, कोणी 'येऊ नको' म्हणून, आणि कोणी खरंच उजवीकडे वळत असतो. त्याच्या भरवशावर ओव्हरटेक करू नका, पुढचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांना दिसू द्या.

पाना-पक्कड
@साइडपट्टी, त्यात एक जोडतो. पंक्चर काढून झालं की चाकाला लावलेले दगड आणि मागे खूण म्हणून मांडलेले दगड-फांद्या तिथेच टाकून लोक निघून जातात. रात्री पावसात ओला काळा दगड डांबरावर दिसत नाही. दुचाकीवाला थेट त्यावर जातो. जॅक डिकीत टाकायच्या आधी दगड उचलून कठड्याच्या कडेला ठेवा. खाली दरीत फेकू नका, खालच्या वळणावर तोच रस्ता असतो.